धानाच्या शेतात लोटाभर पाणी

रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या काचसामानाच्या दुकानात पेंढ्यात बांधलेली पेटी उघडली, धानाचा वास सुटला, आणि मी पुन्हा त्या छोट्या विमानात जाऊन बसले. बाबांना उपचारासाठी रायपूरहून नागपूरला नेत होते. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलेले बाबा स्ट्रेचरवर पडलेले, आणि खाली धुक्यात तरंगणारे तलाव. अंगावरची सूज वाढू नये म्हणून त्यांना पाणी चमच्याने मोजून द्यावं लागे. तो चमचा माझ्या हातात. डोळे मिटूनच बाबा म्हणाले, "उजवीकडचं इंजिन बंद पडलं, पोरी." वैमानिकाने मागे वळून पाहिलं ते त्यानंतर. थोड्या वेळाने डावंही खोकू लागलं. "भेऊ नको, हळूच उतरवून राहिला तो," बाबा म्हणाले, आणि मग इतकं शांत झालं की नुसता वारा ऐकू येत राहिला. कापणी झालेल्या शेतात आदळत, घसरत आम्ही बांधापाशी थांबलो. दार उघडलं तसा पेंढ्याचा वास आत आला. पाठोपाठ एक म्हातारी आली, हातात भरलेला लोटा घेऊन. तिकडच्या खेड्यांत पाहुणा आला की आधी पाणी देतात. आम्ही तर तिच्या शेतातच उतरलो होतो. "कोन गांव ले आए हव?" तिने विचारलं. "रायपूर," म्हणत बाबा माझ्या आधाराने उठून बसले आणि त्यांनी लोटा तोंडाला लावला. मी अडवलं नाही. तो महिना काही बाबांनी पुरा केला नाही. पण अजून डोळे मिटले की मला चमचा दिसत नाही. उन्हात गटागट हलणारा त्यांचा गळा दिसतो.