पीटरभाऊ मनीशी खेळायचे

पीटरभाऊ साळवे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त हत्यारांची पेटी होती. कपड्यांची बॅग त्यांचा मुलगा एडविन मागून आणत होता. कोल्हारला चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. बायको गेली, गुडघे दुखायला लागले, आणि एडविन त्यांना नगरला, सावेडीत घेऊन आला. कोल्हारचं घर भाड्यानं दिलं. मागची एक खोली तेवढी कुलूप लावून ठेवली.

मी निवृत्त शाळामास्तर, दुपारभर मोकळा. महिन्याभरात आमची चहाची बैठक ठरून गेली. एडविन एमआयडीसीतल्या एका कंपनीत आणि त्याची बायको प्रार्थना बँकेत. सकाळी नऊला दोघं बाहेर पडली की संध्याकाळी सातपर्यंत घरात पीटरभाऊ आणि एक पांढरं, लांब केसांचं मांजर. प्रार्थनानं ते पुण्याहून आणलं होतं आणि त्याला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. पीटरभाऊ तिला मनी म्हणायचे.

मनी कधी दाराबाहेर गेली नव्हती. दिवसभर झोपायची, आणि उठली की नव्या सोफ्याचा कोपरा ओरबाडायची. तिथलं कापड पार लोंबायला लागलं होतं. प्रार्थना तिच्या अंगावर पाणी उडवायची, एडविन चप्पल फेकायचा. मग मनी जी वॉशिंग मशीनच्या मागं शिरायची, ती दोघं झोपेपर्यंत बाहेर यायची नाही.

एकदा मी तिथं असताना हेच झालं. चप्पल मनीच्या पाठीत बसली. पीटरभाऊ म्हणाले, "मारून काय हुनार न्हाई रे. मुकं जनावर हाय. भ्यालं म्हंजी शिकत न्हाई."

एडविन चप्पल उचलायला वाकला होता, तो तसाच थांबला. वडलांकडं बघून हसला. चांगलं हसू नव्हतं ते.

"हे तुम्ही सांगताय?" म्हणाला आणि आत निघून गेला.

पीटरभाऊंना त्यातलं काही कळलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मनीचं मनावर घेतलं. कुठल्याशा बांधकामावरून लाकडाचा तुकडा आणला, त्याला काथ्याची दोरी गुंडाळली आणि बाल्कनीत उभा केला. मनीनं त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. प्रार्थनानं तिचे पुढचे दोन्ही पाय धरून त्या दोरीवर घासले, तर मनी तिला बोचकारून पळाली. एकदा तिनं आपण होऊन पंजे टेकवले, तेव्हा तो खांब तिच्या वजनानं आडवा झाला. त्यानंतर दोन दिवस ती बाल्कनीकडं फिरकली नाही.

"माझंच चुकलं, मास्तर," पीटरभाऊ मला म्हणाले. "डुगडुगनाऱ्या बाजेवर आपन तरी बसू का?"

मग ते मनीकडं नीट बघत बसले. लाकूड हातात घेण्याआधी ते तसंच बघत असणार. त्यांच्या ध्यानात आलं की ती झोपेतून उठली की आधी अंग ताणते, अगदी शेपटीपर्यंत, आणि ताणता ताणताच नखं मारते. म्हणजे खांब तिच्या ताणलेल्या अंगापेक्षा उंच पाहिजे, भक्कम पाहिजे, आणि ती झोपते तिथंच पाहिजे. त्यांनी बाभळीचा ओंडका मिळवला. तळाला दोन बोटं जाडीची फळी ठोकली. काथ्या असा घट्ट आवळला की मधे नख शिरायला जागा नाही. आणि तो खांब सोफ्याच्या फाटक्या कोपऱ्याला लागून ठेवला. तिला बोलावलं नाही, धरलं नाही. स्वतःच खाली बसून नखांनी काथ्या खरवडत राहिले. खर्र, खर्र. तिसऱ्या दिवशी मनी उठली, खांब हुंगला आणि दोन्ही पंजे वर टाकून असा ओरबाडला की मला समोरच्या घरात ऐकू आलं.

खेळायला शिकवणं जास्त अवघड गेलं. बांबूच्या कामटीला सुतळी आणि सुतळीला कोंबडीचं पीस बांधून पीटरभाऊ ते तिच्या तोंडापुढं नाचवायचे. ती मागं सरकायची. मग एके दिवशी ते मला म्हणाले, "उंदीर कधी मांजराच्या तोंडापुढं येऊन नाचतो का? त्यो पळतो." तेव्हापासून ते पीस भिंतीच्या कडेनं लांब ओढायचे, खुर्चीच्या पायामागं थांबवायचे, जरासं हलवायचे. मनीचे डोळे मोठे व्हायचे, मागचं अंग डुलायला लागायचं, आणि ती झेप घ्यायची. शेवटी ते पीस तिला पकडू द्यायचे. "सारखं हुकलं तर तिचंबी मन मोडंल," म्हणायचे. त्यानंतर उकडलेल्या चिकनचा एक तुकडा.

सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास असं रोज चालायचं. दीड महिन्यात सोफ्याला नवीन ओरखडा उठला नाही. वॉशिंग मशीनच्या मागं बसणारी मनी दारात येऊन बसायला लागली. प्रार्थना मला म्हणाली, "काका, पप्पांनी जादूच केली." एडविन घरात आला की पीटरभाऊ खेळत असायचे, आणि तो बूट काढता काढता बघत राहायचा.

ऑगस्टमधला एक रविवार. गुडघे दुखतात म्हणून पीटरभाऊ चर्चला गेले नव्हते. मी पेपर घेऊन त्यांच्याकडं गेलो तर ते फरशीवर पालथे पडले होते. वर्तमानपत्राच्या घडीखालून पीस सरकवत होते आणि मनी त्या कागदावर उड्या मारत होती. पीटरभाऊ हसत होते. मी त्यांना इतकं मोकळं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. तेवढ्यात दार उघडून एडविन आणि प्रार्थना आत आली.

"पप्पा, आता गुडघे नाही दुखत का?" एडविन म्हणाला.

"दुखत्यात की. पन हिचा खेळ राहिला हुता सकाळचा."

"हिचा खेळ." एडविन सोफ्यावर बसला. "मी सहा-सात वर्षांचा असताना तुम्ही असं कधी खाली बसला होतात?"

पीटरभाऊ हात टेकून उठून बसले. "तवा काम हुतं. दम खायला सवड नसायची."

"मी एक बस केली होती. तुमच्या पडवीत. दरवाज्यासाठी आणलेल्या सागवानाचा तुकडा घेतला होता मी, मला काय कळत होतं. चाकंसुद्धा लावली होती. तुम्हाला दाखवायला घेऊन आलो. तुम्ही ती बस पायाखाली मोडलीत आणि लाकडी फूटपट्टी माझ्या पाठीवर तुटेपर्यंत मारलंत. मम्मी मधे पडली तर तिलाही मारलंत."

प्रार्थना म्हणाली, "एडविन, काका आहेत."

"असू दे. काकांनाही कळू दे, भ्यालेलं जनावर शिकत नाही हे कुणी कुणाला सांगायचं ते."

पीटरभाऊ बराच वेळ आठवत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. ते म्हणाले, "मला न्हाई आठवत."

खोटं बोलत नव्हते ते. म्हणूनच ते ऐकवेना.

"मला आठवतं," एडविन म्हणाला.

मी उठून घरी आलो. एखादा शहाणा माणूस तिथं थांबून दोन शब्द बोलला असता. मी थांबलो नाही.

सप्टेंबरात पीटरभाऊ मतमाऊलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला हरेगावला गेले, दोन दिवसांसाठी. जाताना मनीला कसं खेळवायचं ते प्रार्थनाला दोनदा सांगून गेले. परत आले तेव्हा घरात मनी नव्हती. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"शिर्डीला माझा मित्र आहे, कल्याण. लॉज आहे त्याचं. त्याला दिली," एडविन सांगत होता. "तिथं जागा आहे, उंदीर आहेत. मजेत राहील."

"ती कधी भाईर गेलेली न्हाई, एडविन."

"सवय होईल. सगळ्यांनाच होते."

प्रार्थना आतल्या खोलीत रडत होती. तिला विचारलंही नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पीटरभाऊ शिर्डीला गेले. कामटी आणि पीस पिशवीत घालून नेलं. मी सोबत येतो म्हणालो, तर नको म्हणाले. तिथं काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. लॉज सापडलं. कल्याण काउंटरवर होता, माणसांची रांग होती, त्याला बोलायला वेळ नव्हता. "ते मांजर होय बाबा? ते तर पहिल्याच दिवशी पळालं. इथं दार लावून कसं चालेल? दिवसभर भक्तांची ये-जा." पीटरभाऊ मागच्या गल्लीत गेले. फुलवाल्यांच्या टोपल्यांमागं, प्रसादाच्या दुकानांखाली, उभ्या केलेल्या गाड्यांखाली वाकून वाकून बघितलं. मनी, मनी म्हणून हाका मारल्या. एका बाईनं सांगितलं की एक पांढरं मांजर कुत्र्यांनी पार्किंगकडं पळवलं होतं. पुढचं तिला माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते पार्किंगमध्ये फिरत होते. वॉचमननं त्यांना दोनदा हटकलं.

ते परत आले तेव्हा एडविन जेवायला बसला होता.

"भेटली?" त्यानं विचारलं.

"पळाली म्हनं. कुत्री लागली हुती मागं."

एडविनचा हात ताटातच राहिला. "मी त्याला सांगितलं होतं, आठ दिवस खोलीत ठेव म्हणून." त्याचा आवाज एकदम लहान झाला होता, प्रार्थनानं मला सांगितलं. वडील आता ओरडतील, ताट भिरकावतील, म्हणून तो वाट बघत राहिला. पीटरभाऊ ओरडले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्या मला कोल्हारला सोड. न्हाईतर एसटी हायच."

एडविन राहा म्हणाला नाही. पीटरभाऊंनीही वाट पाहिली नाही.

आता ते मागच्या खोलीत राहतात, पुढं भाडेकरू. दोन महिन्यांनी मी कोल्हारला गेलो होतो. पडवीत एक बाज विणायला घेतलेली दिसली, पण अर्धीच. चहा त्यांनी स्वतः केला. बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, ती बस मला अजून आठवंना. लई विचार केला. फूटपट्टी आठवती. नवी आनावी लागली हुती, तेबी आठवतंय. पोराचं रडनं आठवत न्हाई." मग म्हणाले, "त्येला सांगायचं काय, की बाबा, तुला मारलं तेच माझ्या ध्यानात न्हाई?"

"आठवत नसलं तरी चुकलं एवढं तरी म्हणा की," मी म्हणालो.

"मांजर घालवलं त्यानं माझं," पीटरभाऊ म्हणाले आणि कपबशा उचलून मोरीकडं गेले.

एडविन मला जिन्यात भेटतो. हेल्मेट काढून हातात घेतो आणि विचारतो, "काका, पप्पांचा फोन आला होता का तुम्हाला?"

"आला होता. बरे आहेत."

"गुडघे?"

"तसेच आहेत."

"बरं," म्हणतो आणि किल्ली शोधत खिसे चाचपत राहतो. तूच का नाही फोन करत, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "केला होता. उचलला त्यांनी. दोघांनाही काही बोलायला सुचलं नाही. मग रेंज नाही म्हणाले, ठेवला."