कडेच्या तुकड्यांतले कागद

तुमच्यासाठी गोधडी शिवली आहे. प्रत्येक षटकोनी तुकडा आधी कागदावर ताणून कच्च्या टाक्यांनी अडकवायचा, मग शेजारच्या तुकड्यांना जोडायचा. सहाही बाजू जोडल्या की आतला कागद काढला तरी तुकडा आकार सोडत नाही.

कागदासाठी मी तुमच्या आजोबांच्या टेबलावरची रद्दी कापली होती. गेल्या आठवड्यात पहिला कागद काढला, तर त्यावर त्यांचं अक्षर: “बाळांनो, तिकडे थंडी”. एवढंच. ते गेल्यावर, तुम्हाला लिहिलेलं आणि पोस्टात न पडलेलं त्यांचं पत्र मी न वाचता, अगदी मापात कापून टाकलं होतं.

शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, “सगळे कागद काढून जुळवू या की, वहिनी.”

“कडेच्या तुकड्यांना बाहेरून धरायला कुणी नाही. ते वाकडे होतील.”

“होऊ देत! सरळ रेघेचा एवढा कसला सोस तुम्हाला?”

भोवती माणसं असली की आतला आधार गेला तरी आपण उभे राहतो. मी तशीच राहिले. तुम्ही मात्र दूर, कडेला आहात.

मधले कागद काढून, जुळवून पाकिटात घातले आहेत. कडेचे आतच ठेवून मागून अस्तर लावलं. म्हणून पत्रात काही जागा रिकाम्या दिसतील. गोधडी पांघरलीत की कडेला कागद कुरकुरेल. उरलेले शब्द तिथे आहेत. धुवायची घाई करू नका.