नावापुढचं डॉक्टर

समजा, सख्ख्या भावाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तुम्हाला टाइप करायचा आहे. गाव मुळशीतलं. नवरा-नवरीची नावं दोन ओळींत उरकतात. खरी कसोटी खाली, निमंत्रकांच्या यादीत. तिथे नुसतं नाव चालत नाही. कुणापुढे ह.भ.प. हवं, कुणापुढे पै., कुणाला माजी उपसरपंच, आणि दूध संस्थेत ज्याने एकच वर्ष काढलं त्यालाही चेअरमन. एखाद्याचा मान छापायचा राहून गेला तर तो लग्नाला येतो, पोटभर जेवतो आणि पुढे वर्षभर बोलून दाखवतो. आता याच यादीत तुमचं स्वतःचं नाव आलंय. त्यापुढे 'डॉ.' टाकायचं की नाही? बोट कुठे थांबतं बघा.

माले गावच्या वैभवी ढेबेचं बोट तिथेच थांबलं होतं.

वैभवीचे वडील म्हसू ढेबे, घरात सगळ्यांचे आबा, मेंढरं राखतात. वैभवी मारुंजीला भाड्याच्या खोलीत राहते आणि जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिची पीएचडी आहे डोंगरउतारावरच्या गवतांवर. सहा वर्षं ती वही घेऊन मेंढरांमागे हिंडली. शास्त्रीय नावं तिची, पण कुठलं गवत मेंढरू आधी खातं, कुठलं कुसळ धरल्यावर तोंड लावत नाही, हे सगळं आबांचं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव आहे.

ती वही घेऊन हिंडायला लागली तेव्हापासूनच आबा तिला डॉक्टर म्हणायचे. तेही अहोजाहो करून. वरच्या टेपावरून, डोंगराच्या उघड्या उंचवट्यावरून, हाक यायची, "ओ डॉक्टर, हिकडं या. पवन्या गवत बगा कसं माजलंय."

"आबा, अजून झाले न्हाई मी."

"व्हशाल की. मेंढी गाभण हाय म्हंजी कोकरू येणारच."

त्या हाकेत थट्टा होती आणि थट्टेखाली असं काही होतं, की वैभवी चढण विसरून जायची. पदवी मिळाली त्या दिवशी सभागृहात टाळ्या झाल्या; त्यातली एकही तिला आठवत नाही. हाक आठवते.

तिच्या मार्गदर्शक आशालता मॅडमनी तेव्हाच बजावलं होतं. "डॉक्टर हे आपल्या कामाच्या कागदावर लिहायचं. कॉलेजच्या दारावर लिहायचं. पण जिथे कुणी दुखणं घेऊन येईल, तिथे लिहायचं नाही." वैभवीने मान डोलावली. आबांनी मात्र पौडहून पाटी करून आणली आणि घराच्या दाराला ठोकली. डॉ. वैभवी म्हसू ढेबे. ती हसली. काढा म्हणाली नाही. तिलाही ती पाटी बघावीशी वाटत होती.

पहिल्या महिन्यात लोक लंगडी शेळी घेऊन आले, त्यावर सगळे हसले. मग एका रविवारी दुपारी, वैभवी घरी असताना, खालच्या आळीच्या सगुणाबाईंच्या छातीत कळ आली. सून पौडच्या दवाखान्याकडे गाडी वळवत होती, तर म्हातारीच म्हणाली, "तितं कशाला? म्हसूची पोर डॉक्टर हाय, पाटी न्हाई का बगितली?" दोघी चढ चढून दारात आल्या. वैभवीने सगुणाबाईंना तसंच खाली नेऊन गाडीत घातलं आणि पौडला पोचवलं. सगुणाबाई वाचल्या, पण अर्धा तास वाया गेला होता, आणि तो पाटीने घालवला होता. गावात बोललं गेलं, "गवताची डॉक्टर. तिच्याकडं जायचं तर आदी मेंढरू व्हावं लागतंय."

आबांनी त्याच संध्याकाळी पाटी उपटली. वैभवी रडवेली होऊन म्हणाली, "आबा, मला आता डॉक्टर म्हणू नका. कदीच नका."

"बरं," आबा म्हणाले.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

तर तो पत्रिकेचा दिवस. वैभवीने मोबाइल भावाच्या, माउलीच्या, हातात दिला. "तूच कर."

"डॉ. टाकू का?"

"आबांना इचार."

आबा दोरी वळत होते. मान वर न करता म्हणाले, "तिला इचार. तिचं नाव हाय."

"घरचा मान घरातल्या मोठ्यानं सांगायचा असतोय," वैभवी म्हणाली.

"शिकल्याली ती हाय."

"तुमी दोघं ठरवा निवांत," माउली म्हणाला. "नवरी म्हातारी झाली की छापू."

वैभवी आबांच्या हातांकडे बघत होती. फक्त 'टाक' एवढं म्हणायचं होतं त्यांनी.

नेमक्या सगुणाबाई ताक न्यायला आल्या. काय चाललंय ते ऐकून ओट्यावर टेकल्या. "टाका की. मी काय मेले न्हाई. न्हाई टाकलं तर लोक म्हनतील, ह्या म्हातारीपायी पोरीचं शिक्षान बुडालं. ते पाप माज्या डोक्यावर नगं. खाली बारीक अक्षरात ल्ह्या, गवताच्या. म्हंजी माज्यासारकी यडी कुनी यायची न्हाई."

आबांची दोरी थांबली. "वैनी म्हनत्यात तर टाक," ते माउलीला म्हणाले.

पत्रिका छापून आली. 'डॉ. वैभवी म्हसू ढेबे', आणि खाली बारीक टायपात 'पीएच.डी., वनस्पतिशास्त्र'. माउली सांगत होता, पत्रिका वाटताना आबा प्रत्येक घरी त्या ओळीवर बोट ठेवायचे. तोंडाने काही बोलायचे नाहीत, नुसतं बोट.

लग्न पार पडलं. त्यानंतरच्या रविवारी वैभवी आबांबरोबर टेपावर गेली. वारा होता, मेंढरं पांगली होती, माणूस म्हणून त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. इथे कुणाचा गैरसमज व्हायचा नव्हता, कुणाचा अर्धा तास जायचा नव्हता. आबा वरच्या अंगाला वाकून काहीतरी बघत उभे राहिले. पवन्या असावा. ती त्या जुन्या हाकेची वाट बघत थांबली.

"वैभे," त्यांनी हाक मारली, "पान्याची बाटली आन."

ती बाटली घेऊन गेली. ते पाणी प्याले, त्यांनी तोंड पुसलं, गवताकडे बोट केलं. ती खाली बसून बघू लागली. विचारायचं ते ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. अजूनही दर रविवारी येतं: आबा, तुमी माझं ऐकलंय, का माझ्यावर रुसलाय?