यात्रेआधी उतरवलेले स्टँड

लांबच्या सायकलप्रवासाला निघताना स्टँड ठेवावा की काढावा? तुम्ही काय कराल? उत्तराची घाई करू नका. बहिरूने केली होती.

बहिरू सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. शाळा सातवीपर्यंत, पण कामगार कायदा कलमांसकट तोंडपाठ. सत्त्याण्णव साली, यंत्रावर जायबंदी झालेल्यांना भरपाई मिळावी म्हणून त्याने सातपूर ते मुंबई सायकल यात्रा काढली. सतरा जण. आदल्या दिवशी पाना घेऊन बसला आणि एकेका सायकलचा मागचा स्टँड उतरवू लागला. एवढं लोखंड घाटात फुकट कशाला वाहायचं? नट ढिले होतात, खडखड होते, आणि सायकल टेकवायला झाडं काय कमी आहेत? कुणीतरी म्हणालं, कॅरियरवर ओझं असलं की टेकवलेली सायकल घसरते. बहिरू म्हणाला, घसरू दे, आपण मुंबईला चाललोय, सायकलींचं दुकान मांडायला नाही. सगळे हसले. मंगळूही हसला.

हा मंगळू नाशिकच्या पेठ तालुक्यातला. प्रेस मशीनवर काम करताना पत्र्याचा गठ्ठा पडून त्याचा डावा पाय अधू झालेला. पायडल फिरवायचा, पण त्या पायावर अंगाचा भार पेलत नसे. तरी सायकलवर बसला की कुणाला ऐकायचा नाही. बहिरूने त्याला कायम बसलेलाच पाहिला होता. तो चढतो कसा, हे बघायला बहिरूला कधी सवड नव्हती.

विल्होळीला सगळे चहाला उतरले. मंगळू थांबलाच नाही. पुढे जाऊन एका मोरीच्या कठड्यावर उजवा पाय टेकवून सीटवरच बसून राहिला. पुढच्या थांब्यालाही तेच. बहिरूचं डोकं फिरलं. याला एकट्यालाच पुढे मिरवायचंय, असं त्याने धरून ठेवलं.

घोटीला गावकरी हार घेऊन उभे होते. कारखान्यांत मेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं. सोळा जण उतरले. मंगळू एका घराच्या ओट्याला पाय लावून सीटवरच.

"उतर, मंगळू," बहिरू सगळ्यांसमोर म्हणाला. "मेलेल्यांसाठी उतरायलाही जड जातं का?"

"उतरतो की. पण मग परत चढवणार कोण?"

बहिरूला तो टोमणा वाटला. नोकर पाहिजे याला, असं वाटलं.

"ज्याला चढता येत नाही, त्याने यायचं कशाला?"

मंगळू उतरला. सायकलच्या आधाराने लंगडत एसटी स्टँडकडे गेला. बहिरूने पाहिलं. हाक मारायला दहा पावलं पुरेशी होती, पण भाषण सुरू व्हायचं होतं. त्या भाषणात त्याने मंगळूच्या पायाचा दाखला दिला. टाळ्या पडल्या.

मुंबईहून परतल्यावर कारखान्याच्या गेटसमोर चहा विकणाऱ्या सुलाबाईने त्याला थांबवलं. मंगळूचा स्टँड तू काढलास का, विचारलं. मग तिने सांगितलं, मंगळू रोज सायकल स्टँडवर घ्यायचा, दोन्ही हातांनी हँडल आवळून वर चढायचा, नीट बसायचा आणि जोराने पुढे रेटून सायकल स्टँडवरून खाली पाडायचा, की निघाला. पाचेक वर्षं तिच्या डोळ्यांसमोर. यात्रेच्या सकाळी स्टँड नव्हता, म्हणून तिनेच त्याला धरून चढवलं होतं.

"मला सांगायचं ना त्याने," बहिरू म्हणाला.

"तुला?" सुलाबाई म्हणाली आणि कप विसळायला लागली.

मंगळू कामावर परतलाच नाही. दीड वर्षाने बहिरू पेठकडे त्याच्या पाड्यावर गेला. मंगळू द्राक्षाच्या कामाला निफाडकडे गेला होता. त्याच्या बायकोने, कुसाबाईने, पाणी दिलं.

"सायकल इकली," ती म्हणाली. "तिच्याकडं बघवंना म्हणले."

बहिरूने वाटभर माफीचे शब्द जुळवले होते. पुढच्या यात्रेची तारीख तेवढी सांगितली, तीही हुकूम सोडल्यासारखी, आणि परत फिरला.

आता यात्रा दरवर्षी निघते. कुणाच्या सायकलला पाना लावायला बहिरू धजत नाही. कुणी स्टँड काढू का विचारलं, तर नुसता उठून जातो. मंत्र्याच्या गाडीपुढे आडवा पडणारा हा माणूस, पेठच्या गाडीत पुन्हा चढलेला नाही.

तेव्हा तुम्ही पेठकडे जाणार असाल, तर एवढं करा. मंगळूला गाठा आणि सांगा, घोटीला चूक बहिरूची होती. तो चिडला, तर उलट बोलू नका. ऐकून घ्या, आणि काय म्हणाला ते शब्द न बदलता सातपूरला येऊन बहिरूला सांगा.