बाबा येऊन राहिले

खरं सांगा, आपल्याच भाषेतला पिक्चर पाहताना खाली पळणाऱ्या इंग्रजी ओळी तुम्ही कधी वाचल्या आहेत? नाही ना? कोण वाचतं! कानाला कळतंय तर डोळ्यांना कशाला कामाला लावायचं? नागपुरातही कोणी वाचल्या नव्हत्या. बर्डी भागातला हॉल खचाखच भरला होता, लोक नाकं पुसत बाहेर पडले होते, पण त्या ओळी वाचल्या होत्या फक्त परीक्षकांनी. आणि म्हणूनच त्या दुपारी चारुशीलाच्या हातातला पोह्याचा घास हातातच राहिला.

चारुशीला कोण, ते आधी ऐका. ती नागपूरच्या महाल भागातली. घराणं भोसल्यांच्या राज्यात देशावरून इकडे आलेलं, त्यामुळे घरात आईसमोर 'मला-तुला' आणि दाराबाहेर पाऊल पडलं की 'मले-तुले'. लग्न केलं नाही. काहून केलं नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "तुमचं पाहून हिंमत झाली नाही जी." लकडगंजात एका सागवान व्यापाऱ्याकडे बिलं टाइप करायची, दिवसभर भुसा नाकात घ्यायची. आणि नागपुरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला की सुट्टी टाकून हॉलमध्ये जाऊन बसायची. कुठे? ज्युरीच्या बरोब्बर मागच्या रांगेत.

बाकीची दुनिया पडदा पाहायची, ही माना पाहायची. परीक्षकांच्या माना.

"पिक्चर चांगला का फालतू, ते मले नका विचारू," ती म्हणायची. "बक्षीस पिक्चरमधून नाही निघत, मानेतून निघते."

कंटाळलेली मान खुर्चीला टेकते. खोटं कौतुक करणारी मान सारखी डोलते, नंदीबैलासारखी. आणि खरा मार बसला की मान डोलत नाही, टेकत नाही, नुसती थोडी पुढे येते. विहिरीत डोकावल्यासारखी. सगळ्या माना एकदम विहिरीत डोकावल्या की चारुशीला पर्समधून खडू काढायची.

खडू लागायचा फळ्यासाठी. हॉलच्या आवारात बळीरामचा तर्री-पोह्याचा ठेला होता. ठेल्याला टेकून एक फळा, ज्यावर तो एरवी भाव लिहायचा. निकालाच्या दिवशी मात्र तो फळा चारुशीलाचा. ती त्यावर एकच नाव लिहायची, आणि गेली कित्येक वर्षं संध्याकाळी स्टेजवरून तेच नाव निघायचं. पेपरवाले फळ्याचा फोटो काढायचे, कॉलेजची पोरं पोह्याच्या पैजा लावायची, बळीरामची तर्री दुपारीच संपायची. लकडगंजात तिला कोणी ओळखत नव्हतं. इथे आवारात शिरली की चारही बाजूंनी एकच ओरडा, "चारूताई, यंदा कोणाले?" माणसाला जगायला एवढं पुरतं. तिला पुरत होतं.

यंदा स्पर्धेत उमरेडची मुग्धा होती. विणकरांच्या घरची पोरगी. पिक्चरचं नाव 'धोटा'. हातमागावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धागा घेऊन पळतो, तो धोटा. तो जातो आणि परत येतो. तिच्या पिक्चरमधला बाप कामाच्या शोधात सुरतेला जातो आणि परत येत नाही. गाव रोज विचारतं, आला का? आई मागावर बसल्या बसल्या सांगते, येऊन राहिले. अगदी शेवटी लहानगी पोर विचारते, "माय, बाबा कुठी आहे वं?" आणि आई धोटा फेकता फेकता, दाराकडे न पाहता म्हणते, "बाबा येऊन राहिले." दार रिकामं. मागाची खटखट. पिक्चर संपला.

ही गोष्ट मुग्धाच्या घरचीच होती, हे तिनंच ठेल्यावर चारुशीलाला सांगितलं होतं. मुग्धाची आई शामला आजही हेच वाक्य बोलते. घर नवऱ्याच्या नावावर, आणि नवऱ्याचा पत्ता नाही. ते आपल्या नावावर करायला कचेरीत गेली की साहेब म्हणतो, मेला असेल तर दाखला आणा, जिवंत असेल तर सही आणा. ती दोन्ही कुठून आणणार? ना विधवा, ना सवाष्ण. अशा बाईसाठी सरकारी कागदावर रकानाच नाही. लोक म्हणतात कला, कला! मुग्धानं पिक्चर काढला होता तो त्या रकान्यासाठी.

शेवटच्या दिवशी सकाळी 'धोटा' लागला. आईचं ते वाक्य आलं आणि समोरच्या रांगेतल्या सगळ्या माना एकदम विहिरीत. पांढऱ्या केसांच्या एका परदेशी बाईंची मान तर दिवे लागले तरी वर आली नाही. चारुशीला बाहेर आली, खडू काढला आणि फळ्यावर लिहिलं: धोटा.

आवारात शिट्ट्या वाजल्या. मुग्धानं तिथूनच उमरेडला फोन लावला, "माय, बस पकड! नवीन लुगडं नेस आणि निघ!" बळीरामनं चारुशीलाच्या हातात फुकटची प्लेट ठेवली. ती पहिला घास घेणार, तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या बाई दुसऱ्या परीक्षकासोबत चहाला आल्या. चारुशीलाला इंग्रजी बोलता येत नसलं तरी समजायचं.

"शेवटी तो परत येतो," बाई म्हणाल्या. "आणि घरातच राहतो. दिसत नाही, पण असतो. काय सुंदर कल्पना!"

चारुशीलाचा घास तिथेच थांबला. कोण परत येतो?

तिनं मुग्धाला हाताला धरून हॉलच्या मागे नेलं. "तुया मोबाइलमध्ये पिक्चर आहे ना? शेवट लाव."

"काहून? आताच तर पाहिला ना, ताई."

"लाव म्हणते ना!"

मुग्धानं लावला. माग, आई, रिकामं दार. "बाबा येऊन राहिले." आणि खाली इंग्रजी ओळ: युवर फादर केम, अँड ही स्टेड. म्हणजे बाबा आले, आणि राहिले.

मुग्धाचा चेहरा उतरला. "मशीननं केल्या ह्या ओळी," ती म्हणाली. "वरच्या चार-पाच पाहिल्या, बरोबर होत्या. माह्याच पिक्चरच्या पाट्या मी काहून वाचू?"

मशीनला पुस्तकातली मराठी येत होती. पुस्तकात 'येऊन राहिले' म्हणजे आले आणि मुक्काम ठोकला. इकडे 'येऊन राहिले' म्हणजे वाटेत आहेत, अजून पोचले नाहीत. दोनच शब्द, पण एका माणसाचं येणं आणि न येणं त्यांच्यावर तोललेलं. मशीननं पारडं दुसरीकडे झुकवलं, आणि परीक्षक त्या दुसऱ्याच पिक्चरसाठी रडले.

"तुम्ही मले काहून सांगितलं?" मुग्धा एकदम उसळली. "संध्याकाळी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आता माहीत नव्हतं, असं पण नाही म्हणता येत मले!"

"पिक्चर तुया आहे म्हणून सांगितलं."

"आणि फळा तुमचा आहे! पाहा ताई, खोटा पडंल तो."

हे मात्र वर्मी बसलं. कारण चारुशीलाच्या मनात सगळ्यात आधी तेच येऊन गेलं होतं. गप बसलं तर संध्याकाळी नाव निघणार, शिट्ट्या वाजणार, आणि ही ओळ जन्मात कोणी वाचणार नाही. स्वतःचाच राग आला तिला. त्या रागातच ती महोत्सवाच्या मधुसूदन सरांकडे गेली. हेच सगळा कारभार पाहायचे. जेवणानंतर ज्युरीची बैठक बसणार होती.

मधुसूदन सरांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. "नियम नियम आहे, ताई. निकाल लागेपर्यंत स्पर्धकानं ज्युरीशी बोलायचं नाही. तिच्या वतीनं दुसरं कोणी बोललं तरी पिक्चर बाद." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगी जिंकून राहिली ना? मग जिंकू द्या. कशाला मिठाचा खडा टाकता?"

"मिठाचा खडा पडलाच आहे, सर. तुम्ही खीर गोड आहे म्हणून वाढून राहिले."

ती ठेल्याशी परतली, परीक्षक जेवायला गेले, आणि त्यांची जेवणं उरकत आली तेव्हा शामला पोचली. नवीन लुगडं, काखेत पिशवी, बसच्या धक्क्यांनी विस्कटलेले केस. लेकीचा चेहरा पाहून तिनं विचारलं, "कोण मेलं वं?"

चारुशीलानं सगळं सांगितलं. शामलानं ऐकलं आणि चक्क हसली.

"इंग्रजीत आले का ते? चला, कुठी तरी आले बाप्पा!"

बळीरामही हसला. पण शामलाचं हसू मध्येच थांबलं. ती ठेल्याच्या बाकावर बसली.

"पन मंग उद्या मी कचेरीत काय सांगू? पेपरात छापून आलं का नवरा परत आला, तर तो साहेब म्हणंल, बाई, तुमचा तर आला ना! आता त्याचीच सही आणा."

"माय, बक्षीस जाईल," मुग्धा म्हणाली.

"बक्षीस तुयं आहे. तुले पटंल ते कर. पन वाट मायी आहे. तिले हात नको लावू."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला जेवणाच्या खोलीचं दार उघडलं आणि परीक्षक बाहेर येऊ लागले. बैठकीच्या खोलीकडे जाणारा रस्ता ठेल्यासमोरूनच होता. मुग्धानं त्यांच्याकडे पाहिलं. मग बळीरामच्या खांद्यावरचं फडकं ओढून चारुशीलाच्या हातात दिलं. नुसतं फडकं.

बोलायचं नाही, असा नियम होता. लिहायचं नाही, असा नव्हता. आणि फळा तर दरवर्षीचाच.

चारुशीलानं 'धोटा' पुसलं. आवारातली पोरं ओरडली, "ओ ताई! काय करून राहिल्या?" तिनं मागे पाहिलं नाही. खडू दोनदा तुटला. वर मराठीत लिहिलं, बाबा येऊन राहिले. खाली इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत: ही इज कमिंग. ही हॅज नॉट कम.

मधुसूदन सर धावत आले. "ताई, हे काय!"

"भाव लिहिला," चारुशीला म्हणाली. "खरा."

परीक्षक पुढे निघून गेले. एक गेला, दुसरा गेला. पांढऱ्या केसांच्या बाई थांबल्या. फळा वाचला. परत वाचला. मग विचारलं, "हे काय आहे?"

चारुशीलानं ओठ घट्ट मिटले. तोंडातून एक अक्षर निघालं असतं तर पिक्चर बाद होता. मुग्धानं मान खाली घातली. मधुसूदन सर घड्याळ पाहू लागले. शामलाला कोणता नियम माहीत? ती उठली, गेटाबाहेरच्या रस्त्याकडे, पार लांब हात दाखवला आणि म्हणाली, "येऊन राहिले."

बाईंनी त्या हाताच्या दिशेनं पाहिलं. रस्त्यावर ऑटो होते, एक ट्रक होता, ऊन होतं. माणूस कोणीच येत नव्हता. पाहता पाहता त्यांची मान थोडी पुढे आली. मग त्या आत गेल्या, आणि दार लागलं.

त्यानंतरची दुपार कोणावर येऊ नये. बळीरामनं तर्री जाळली. मुग्धा गेटापासून नळापर्यंत आणि नळापासून गेटापर्यंत फिरत राहिली. चारुशीलाला माना वाचता यायच्या, बंद दार वाचता येत नव्हतं.

संध्याकाळी स्टेजवरून दुसऱ्याच पिक्चरचं नाव निघालं. 'धोटा'चा उल्लेखही झाला नाही. नियमात बाद झाला, की खरा अर्थ कळल्यावर उतरला, ते त्या दाराआडच राहिलं. आवारात एक पोरगा ओरडला, "ताई, यंदा फळा चुकला ना जी!"

"फळा नाही चुकला, बापू," चारुशीला म्हणाली. "यंदा त्यावर निकाल नव्हता, खरं होतं." पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता, हे तिलाही ऐकू आलं.

मायलेकी उमरेडच्या बसमध्ये बसल्या तेव्हा ती पोचवायला गेली. मुग्धा दुपारपासून तिच्याशी बोलली नव्हती. बस सुरू झाली, हलली, तेव्हा कुठे खिडकीतून डोकं बाहेर काढून पोरगी ओरडली, "चारूताई, सगळ्या ओळी नव्यानं लिहाच्या आहेत! रविवारी येता का घरी?"

"येऊन राहिली!" चारुशीला ओरडली.

मागून शामलाचा आवाज आला, "आमच्या यांच्यासारखं नको करू वं!" आणि सगळी बस हसली.

रविवारी चारुशीला खरोखर गेली. आई मागावर, लेक जमिनीवर, ही लॅपटॉपपुढे, आणि एकेक ओळ तपासणं चालू. पिक्चर आता दुसरीकडे जाईल, दुसऱ्या माना त्याच्यापुढे बसतील. घराचा कागद अजून अडकलेलाच आहे.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी आपल्या माणसांचा पिक्चर लागला की खालची ओळही वाचा. आणि त्यात चूक दिसली, तर बसून राहू नका. उठा.