पट्ट्याचे वेढे

वीस वर्षं शिवणकाम करतेय, पण माझ्या हातच्या टाक्याचं कौतुक कुणी केलं नाही. धाकट्या जावेची कुत्री मात्र गल्लीभर गाजली. शेजारून दहा कुत्री गेली तरी ती मान वळवायची नाही. आमचा ढब्बू दुसरं कुत्रं दिसलं की पट्ट्याला हिसके देत भुंकून गल्ली डोक्यावर घ्यायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी मीही चंग बांधला. लांबून कुत्रं दिसलं की तिथेच थांबायचं. ढब्बूने त्याच्याकडे बघून पुन्हा माझ्याकडे बघितलं की चिकनचा तुकडा द्यायचा. महिन्याभरात तो सगळ्या कुत्र्यांपुढे शांत राहायला लागला, फक्त जावेची कुत्री सोडून!

काल जाऊ रस्त्यापलीकडून म्हणाली, "ताई, त्याला रागावू नका. आधी तुमच्या हाताकडे बघा."

बघते तर काय, मापाची टेप गुंडाळावी तसा मी पट्टा मुठीला गुंडाळला होता आणि ढब्बूची मान ताणली गेली होती. इतरांच्या वेळी माझा हात सैल असायचा. ही बाई दिसली की आपोआप वेढे पडायचे.

मी एकेक वेढा सोडला. ढब्बूने तिच्या कुत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने खाली बसला.

"किती गुणाचा आहे हो!" जाऊ म्हणाली.

मी त्याला तुकडा दिला. तिच्याकडे बघून गप्प तर मीही राहिले होते. मला कुणी काही दिलं नाही.