भुताच्या पिच्चरमधला आराम

भुताचा पिच्चर संपला की ते खुर्चीतून उठायचे, दोन्ही हात वर करून कडाकडा बोटं मोडायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, “आराम झाला, बाबू!”

इकडे माझा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींचे हात धरून बाहेर पडत असायच्या. आणि हे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दुपारची झोप काढून उठल्यासारखे प्रसन्न! तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो कशालाच भीत नाही. माझी स्वतःची हिंमत बेताचीच, त्यामुळे अशा माणसांचं मला भारी कौतुक वाटतं.

आम्ही भिलाईतल्या, लोखंडी सळया बनवणाऱ्या एका लहानशा रोलिंग मिलमध्ये होतो. ते क्रेन चालवायचे, मी टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून हजेरी लिहायचो. मिलमध्ये सगळा कारभार हिंदीत, नाहीतर छत्तीसगढीत. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यांचं गाव वर्ध्याकडचं, तर माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरहून दुर्गला आलेले. ते राहायचे वैशाली नगरात आणि मी मोहन नगरात. शनिवारी दोनला पहिली पाळी सुटली की त्यांच्या स्कूटरवरून आम्ही तीनचा शो गाठायचो. स्कूटर तेच चालवणार आणि वाटभर बोलणारही तेच. मी मागे बसून नुसती मान डोलवायची. मागच्याची मान पुढच्याला दिसत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पिच्चरचे तीनच प्रकार त्यांना चालायचे: मारामारीचे, भुताचे आणि राक्षस-जादूचे. घरगुती रडारडीचं नाव काढलं की ते हात झटकायचे. “ते कायले पाहाचं? तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहतात लेकाचे.”

खरा कार्यक्रम शो सुटल्यावर चहाच्या टपरीवर असायचा. हातात गरम आलूगुंडा, म्हणजे तुमचा बटाटावडा, आला की त्यांची मतं सुरू व्हायची. एकदा मारामारीच्या पिच्चरमध्ये नायक क्रेनच्या हुकाला लटकून दहा गुंडांना लोळवत होता. हॉलभर शिट्ट्या. हे मात्र टपरीवर गंभीर.

“पन चालवून कोन राहिला होता, बाबू?”

“काय?”

“क्रेन! हिरो लटकून राहिला, गुंडे लटकून राहिले, अन् वर कॅबिनमधे कोनीच नाही. खाली खुना करनारा खलासीबी नाही. हुक काय आपल्या मनानं चालते?”

पुढे त्या पिच्चरमध्ये नायकाचा बाप मेला, अर्धं शहर उडालं, पण यांचं दुःख त्या रिकाम्या कॅबिनपाशीच अडलेलं. आठवडाभर ते मला येता-जाता विचारत होते, “समजलं का, कोन चालवून राहिला होता?”

परदेशी ड्रॅगनने किल्ला जाळला, तेव्हाही असंच. “लाल आग होती ना? लाल आग म्हंजे थंडी आग. आपल्या भट्टीतलं लोखंड पाय, पिवळंधम्मक होते तवा कुठं वाकते. अन् या पाखराच्या फुंकरीनं किल्ला वितळला म्हनते! त्याले महिनाभर आपल्या भट्टीवर ट्रेनिंगले ठेवा.”

भुतांबद्दल मात्र त्यांना माया होती. “बाकीच्या पिच्चरमधे सगळे घाईत असतात. भूत पाय कसं एका जागी उभं राहते. कोनाले त्रास नाही. ती बाई तर बिचारी केस मोकळे सोडून दारात उभी होती. नाहून आली असंल. कोनी तिले या-बसा तरी म्हना!”

मी ही मतं सोमवारी मिलमध्ये तिखटमीठ लावून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे आणि म्हणायचे, दादा शेर आदमी है.

मग तो पैंजणांचा पिच्चर लागला.

त्यात एक जुनी हवेली होती आणि तिच्यात एक कुलूपबंद खोली. मध्यंतरानंतर पडद्यावर नुसतं ते बंद दार. दुसरं काही नाही. आणि दारापलीकडून पैंजण वाजलं. छुम. जरा थांबून पुन्हा, छुम. मग कोणीतरी आतून नखांनी दार खरवडायला लागलं. सबंध हॉल श्वास रोखून बसला होता. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते, पण कानांना पापण्या नसतात ना! तेवढ्यात शेजारून, टपरीवर बोलावं तशा खणखणीत आवाजात ते म्हणाले,

“मशीन बिघडली वाटते, बाबू. कवापासून दारच दाखवून राहिले.”

मागे कोणीतरी किंचाळलं, मग अख्खा हॉल हसला. मीही हसलो. हसता हसता त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते गंमत करत नव्हते. पडद्याकडे पाहत चक्क जांभई देत होते.

माझं हसू तिथंच थांबलं. हा माणूस शूर नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं.

परतताना स्कूटरवर मागून मी साध्या आवाजात म्हटलं, “भाऊ, डावीकडे थांबवता का?” स्कूटर चालतच राहिली. मी आणखी दोनदा म्हटलं. ते आपले त्या दाराविषयी बोलत होते. अखेर खांद्यावर हात ठेवला, तेव्हा थांबले. “काय झालं बे?”

त्या दिवशी घरी बसून मी एकेक गोष्ट जुळवत गेलो. जाडे आवाज त्यांना पोचत होते. स्फोट, ढोल, समोरून बोलणारा माणूस, सगळं ठीक. मिलच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यावर गेले होते ते बारीक आवाज. पैंजण, कुजबुज, दाराची करकर. आणि शिट्टी.

शिट्टीचं तुम्हाला सांगायला हवं. क्रेनवाला वर कॅबिनमध्ये असतो आणि खाली खलासी उभा असतो. तो माल बांधतो आणि हाताच्या खुणांनी उचल, सोड, डावीकडे घे असं सांगतो. पण लोंबकळत्या मालाखाली कोणी आलं तर खुणा करत बसत नाहीत. शिट्टी मारतात. शिट्टी वाजली की क्रेन जागच्या जागी थांबली पाहिजे, नाहीतर खालच्याचं काही खरं नाही.

सोमवारी मी कधी नव्हे तो खिडकी सोडून शेडमध्ये गेलो. सळयांचा भारा डोक्यावरून चालला होता. एक फिटर आपल्याच नादात त्याच्या वाटेत शिरला. खलाश्याच्या गळ्यात शिट्टी लटकत होती, पण तिला त्याने हात लावला नाही. खांद्यावरचा लाल गमछा ओढला आणि डोक्यावर गरागरा फिरवला. क्रेन तिथल्या तिथं थांबली.

“सीटी क्यों नहीं बजाई?” मी विचारलं.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसला. “सीटी ला वो नइ सुनय, बाबू. गमछा ला देख लेथे. चार बछर होगे.”

चार वर्षं! अख्ख्या पाळीला माहीत होतं आणि अख्खी पाळी गप्प होती. सगळ्यांची हजेरी लिहिणारा मी तेवढा अडाणी.

“और जिस दिन तुम छुट्टी पर रहोगे?”

तो वर कॅबिनकडे पाहत राहिला. 

आता माझी पंचाईत झाली. साहेबांना सांगितलं तर त्याच दिवशी त्यांना क्रेनवरून खाली उतरवणार. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली आणि क्रेन म्हणजे त्यांचा जीव. चहाच्या ग्लासावर भारा टेकवीन, चहा सांडला तर नाव बदलीन, असं म्हणणारा माणूस. आणि नाही सांगितलं तर? एखाद्या दिवशी गमछेवाल्याच्या जागी नवा खलासी असेल, तो शिट्टी मारेल, आणि खाली जो कोणी असेल त्याची हजेरी मला पुन्हा कधीच लिहावी लागणार नाही. 

शेवटी बुधवारी पाळी सुटल्यावर त्यांना त्याच टपरीवर नेलं आणि अगदी समोर उभं राहून म्हणालो, “भाऊ, तुम्हाला ऐकू येत नाही.”

त्यांचा आलूगुंडा हातातच राहिला. “कोनं सांगतलं तुले? खलाश्यानं?”

“नाही. भुतानं.”

मला वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. आलूगुंडा तसाच टाकून स्कूटरला किक मारली आणि निघून गेले. मी ऑटोने घरी आलो. त्या शनिवारी ते माझ्यासाठी थांबले नाहीत. मी आणखी एक आठवडा पाहायचा आणि मग साहेबांकडे जायचं ठरवलं. माझ्या भित्रेपणाला तेवढंच झेपत होतं.

पुढच्या शनिवारी पाळी सुटताना ते टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

“थो पिच्चर हाय का अजून? पैंजनवाला?”

“आहे.”

“चाल मंग. अन् आइक, एक काम कर. मले न येनारा आवाज आला की माह्या हातावर बोट मारत जाय. प्रत्येक आवाजाले.”

हॉल जवळजवळ रिकामा होता. त्यांनी खुर्चीच्या हातावर आपला पंजा पालथा ठेवला आणि मी कामाला लागलो. घड्याळ टिकटिकलं, टक. जिन्यावर पाऊल, टक. नळ ठिबकायला लागला, तशी टक, टक, टक. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आहे, अजून चालू आहे. मध्यंतरापर्यंत त्यांच्या मांडीवरचे पॉपकॉर्न जसेच्या तसे होते.

मग ते दार आलं. छुम, टक. छुम, टक. नखांचा आवाज सुरू झाला, तेव्हा मी त्यांच्या हाताच्या पाठीवरून हलकेच नख फिरवलं. त्यांनी झटक्यात हात ओढून घेतला. क्षणभराने पुन्हा तिथंच ठेवला. पंजा थंडगार पडला होता. गंमत म्हणजे त्या दिवशी मला भीतीच वाटली नाही. माझं लक्ष सगळं बोटात होतं, आणि भीती सगळी त्यांच्याकडे गेली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी बोटं मोडली नाहीत. स्कूटरवर बसले, पण किक मारेनात.

“एवढं सगळं होऊन राहिलं होतं, बाबू?”

“हो, भाऊ.”

“अन् मी जांभया देऊन राहिलो होतो.” त्यांनी हाताची पाठ चोळली. “सीटीबी अशीच का?”

“अशीच. बारीक.”

“दोन वर्षं काढून घेईन म्हनलं होतं. गमछा हाय, डोये हायेत. कोनाचं काय बिघडते?” त्यांनी चष्मा काढून पुसला, मग डोळे पुसले. मलाही रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

सोमवारी त्यांनी स्वतः जाऊन लिहून दिलं. तपासणीत दरवर्षी कसे पास होत होते, तेही सांगून टाकलं. कानाला हेडफोन लावून बसवलं, की समोरच्या काचेत त्यांना बटण दाबणाऱ्याचा अंगठा दिसायचा. अंगठा हलला की हे हात वर करायचे. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि त्यांना स्टोअरमध्ये पाठवलं. क्रेन नव्या माणसाच्या हाती देताना ते कॅबिनमध्ये तासभर बसले होते. काय शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “काही नाही. सीटी आइकत जाय म्हनलं. अन् गमछाबी पाय.” खलासी आजही सवयीने गमछाच फिरवतो.

मग कानाचं मशीन आलं आणि तक्रारींना ऊत आला. कुकर बोंबलतो, पंखा कुरकुरतो, स्वतःचीच चप्पल फटफटते. “तुझी वहिनी दिवसभर गानं म्हनते, माहीत होतं का तुले? मले आता समजून राहिलं.” हे सांगताना मात्र तक्रारीचा सूर नव्हता.

मशीन लावून आम्ही पहिला भुताचा पिच्चर पाहिला, तेव्हा मी पडदा सोडून त्यांच्याकडेच पाहत होतो. पहिल्या कुजबुजीला ते दचकले. दुसऱ्या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं. तिसऱ्या वेळी शांतपणे कानातून मशीन काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिलं. “तू पाय. मले मंग सांगजो.” पिच्चर संपल्यावर उठले, हात वर केले, कडाकडा बोटं मोडली. “आराम झाला, बाबू!”

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि वहिनींना घेऊन मुलीकडे वर्ध्याला गेले. अधूनमधून फोनवर त्यांच्या आवाजातले लांबलचक निरोप येतात. नव्या पिच्चरमध्ये जादूगार हवेत उडतो, पण त्याचं धोतर का उडत नाही, वगैरे. मशीन आलं तरी मधे श्वास घ्यायची सवय काही लागलेली नाही. मी एकेक निरोप दोनदा ऐकतो.

परवाच्या शनिवारी मी एकटाच तीनच्या शोला गेलो. भुताचाच होता. अंधाऱ्या बोळात कुठूनतरी बांगड्या किणकिणल्या, आणि माझं बोट आपोआप शेजारच्या हातावर पडलं. टक.

शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांनी दचकून हात काढून घेतला. मी “सॉरी” पुटपुटलो.

“कोई बात नहीं,” ते कुजबुजले. त्यांना सगळं ऐकू येत होतं.